पाकिटावर काय छापायचं

(मिशनच्या आदिवासी कल्याण विभागाच्या कोल्हापुरातील कार्यकर्ता मेळाव्यात एका स्थानिक मुद्रण व्यावसायिकांनी केलेलं भाषण. जागेअभावी थोडं संक्षिप्त केलं आहे. – संपादक)



मिशन यंदा दिवाळी आणि नाताळच्या विक्रीसाठी अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आणणार आहे, तिचं पाकीट तुम्ही करून द्या, असा निरोप मला आला. निरोपाबरोबर एक पाकीटही आलं. त्यात एक वारली चित्र होतं, डोळ्यांत पाणी आलेल्या एका लहान मुलीचा फोटो होता आणि छापायची ओळ होती, ‘तुमच्या एका कपाने पेटेल एका आदिवासी घराची चूल’. शिवाय कागद खाकी घ्या, म्हणजे पर्यावरणाला बरा, असं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, ही आमच्या उद्यमनगरातली रीत. पण या चारही गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे, आणि एकदा मशीन सुरू झाल्यावर बोलून उपयोग नसतो. म्हणून सेक्रेटरीताईंकडे मी ही वेळ मागून घेतली.

आधी चित्राचं बघू. वारली चित्रं सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला. पण ही चित्रकला वारल्यांची, म्हणजे डहाणू, जव्हार, तलासरी या भागातली. तिला भौगोलिक मानांकन आहे. अराकू आहे आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटात. डहाणूपासून हजाराहून जास्त किलोमीटर लांब. तिथे कॉफी पिकवणारे लोक बगता, कोंडदोरा, कोटिया अशा जमातींचे. त्यांच्या भाषा वेगळ्या, सण वेगळे, घरांच्या भिंतीही वेगळ्या. महाराष्ट्रात एकट्या ४५ अनुसूचित जमाती आहेत आणि आपण सगळ्यांना एकच चित्र चिकटवतो. तांबड्या रश्श्याच्या मसाल्यावर भांगडा करणारा सरदार छापला तर आपल्याला हसू येईल. इथे हसू येत नाही, कारण आपल्या डोक्यात ‘आदिवासी’ हा एकच माणूस आहे. ज्या मिशननं इतकी वर्षं आदिवासींमध्ये काम केलं, त्याच्या पाकिटावर तरी असं होऊ नये.

मग काय छापायचं? कॉफीचं झाड छापा. अराकूत कॉफी उघड्या रानात होत नाही, सावलीत होते. वर सिल्व्हर ओकची आणि फणसाची उंच झाडं, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, आणि खाली कॉफी. समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते ११०० मीटर उंचीवर. आपल्या आजरा-चंदगडच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल, कारण फणस आणि मिरी त्याच्याही परड्यात असते. ते एका रंगात छापता येईल, स्वस्तात होईल, आणि खरं असेल.

कुणीतरी विचारलं की आपल्याच महाराष्ट्रातली चिखलदऱ्याची कॉफी का नाही? प्रश्न चांगला आहे. मेळघाटात, कोरकूंच्या मुलखात, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची लागवड आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीतही नसेल. आपल्याकडेसुद्धा राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले होते. पण चिखलदऱ्याची कॉफी अगदी थोडी. ती मिळाली तर जरूर घ्या, पण तिचं पाकीट वेगळं करा. मराठी गिऱ्हाईक खूश होईल म्हणून अराकूच्या कॉफीत मूठभर चिखलदरा मिसळून ‘महाराष्ट्राची आदिवासी कॉफी’ असं छापायला मी तयार नाही.

नावाचं महत्त्व कोल्हापूरला सांगायची गरज नाही. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी भलतीकडचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो ही मार्केट यार्डातली तक्रार काही थांबलेली नाही. चपलेला २०१९ साली मानांकन मिळालं. २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. केवढा गदारोळ झाला! मग कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातल्या परंपरागत चपलेची आहे. आपल्याला तेव्हा जे झोंबलं, ते अराकूच्या माणसालाही झोंबणारच. ‘अराकू व्हॅली अरेबिका’ या नावालासुद्धा २०१९ सालीच मानांकन मिळालं आहे. ते नाव पाकिटावर वापरायचं तर ज्याच्याकडून माल घेता तो त्या नावाचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे कागद बघून ठरवा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका. ‘सेंद्रिय’ शब्दाचंही तेच. दाखला असेल तर छापू. तिथले लोक खतं वापरत नाहीत हे खरं असलं तरी दाखल्याशिवाय तो शब्द छापता येत नाही.

आता फोटो. हे बोलणं थोडं अवघड आहे, कारण ज्या ताईंनी तो पाठवला त्यांच्या मनात माया आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती मुलगी कोण? तिचं नाव काय? तिच्या आईला विचारलं का, की तुझ्या लेकीचा रडका चेहरा आम्ही कोल्हापुरात हजार पाकिटांवर छापणार आहोत? फोटो अराकूचा तरी आहे का, हेही मला कुणी सांगू शकलं नाही. मेळघाट म्हटलं की कुपोषण आणि आदिवासी म्हटलं की भूक, अशी आपल्या शहरांची सवय झाली आहे. भूक खरी आहे. तिच्यासाठी भांडलं पाहिजे. पण ती मालाच्या पाकिटावर विकायची गोष्ट नाही.

आणि धंद्याच्या बाजूनं बघितलं तरी हा सौदा तोट्याचा आहे. दया वाटून माणूस एक पाकीट घेतो. दुसरं पाकीट तो चव आवडली तरच घेतो. शेतकऱ्याचं घर दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या पाकिटावर चालतं. अराकूच्या कॉफीचं दुकान २०१७ साली पॅरिसमध्ये उघडलं. तिथे लोक वाकडी वाट करून जातात ते गरिबांना मदत करायला नाही, कॉफी चांगली असते म्हणून. २०१८ साली पॅरिसच्याच एका नामांकित खाद्यस्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. जी कॉफी तिथे मान ताठ ठेवून विकली जाते, ती आपण इथे हात पसरून विकायची का?

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळे यांची हकीकत ठाऊक आहे. अस्पृश्य म्हणून त्यांना पाण्याच्या हौदावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि त्यांनी चहाचं हॉटेल घातलं. सुरुवातीला तिथे कुणी फिरकेना. तेव्हा महाराजांनी काय केलं? या गरीब माणसाला मदत करा, अशी पाटी लावली नाही. स्वतःची गाडी त्या हॉटेलासमोर थांबवली आणि सगळ्यांदेखत तिथला चहा मागवून प्यायले. महाराज तिथे गिऱ्हाईक झाले. मला वाटतं, आपल्या पाकिटानंही घेणाऱ्याला दाता बनवू नये, गिऱ्हाईक बनवावं.

म्हणून ती चुलीची ओळही जाईल. त्या जागी आपण हिशेब छापू. माझ्या मते पाकिटावरची सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कॉफीचं फळ पिकलं की लाल होतं. साल आणि गर काढून, वाळवून, टरफल काढलं की हिरवी बी उरते. साधारण सहा किलो फळांतून एक किलो बी. ती भाजली की आणखी पाचवा-सहावा हिस्सा वजन उडून जातं. म्हणजे आपल्या पाव किलोच्या पाकिटात जवळजवळ दोन किलो लाल फळं आहेत. ती एकेक करून हातानं तोडलेली असतात, कारण एका फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. हे पाकिटावर छापा. ‘या पाकिटात सुमारे दोन किलो हातानं तोडलेली फळं आहेत. त्यांच्यासाठी शेतकऱ्याला किलोमागे इतके रुपये मिळाले.’ ‘इतके’च्या जागी आकडा पाहिजे. तो तुम्ही मला आणून द्यायचा, आणि तो बिलावरचा असला पाहिजे.

आकडा कमी निघाला तर? तर तो छापायला लाज वाटेल, आणि वाटू दे. मग पुढच्या वर्षी भाव वाढवा. आकडा छापायचा ठरलं की खरेदी करणारा माणूस घासाघीस करताना दहा वेळा विचार करतो.

न्याय्य व्यापाराचा इतिहास मी थोडा वाचला, तोही हेच सांगतो. १९८८ साली नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पाकिटांवर ‘मॅक्स हावेलार’ हे चिन्ह आलं. अशा प्रकारचं हे पहिलं चिन्ह. नाव घेतलं होतं १८६० सालच्या एका डच कादंबरीचं, ज्यात जावा बेटावरच्या कॉफीच्या व्यापारात रयतेवर होणारा जुलूम मांडला होता. त्या चिन्हामागे जे दोघे होते त्यांपैकी एक फ्रान्स व्हॅन डर हॉफ. हे धर्मगुरू, मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात आदिवासी कॉफी उत्पादकांबरोबर राहणारे, त्यांच्या सहकारी संस्थेच्या उभारणीत काम करणारे. म्हणजे तुमच्याच वाटेवरचा माणूस. उत्पादकांचं म्हणणं साधं होतं: कॉफीला नीट भाव द्या, मग देणग्या मागायची वेळ येणार नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. भाव कितीही पडला तरी शेतकऱ्याला अमुकपेक्षा कमी द्यायचा नाही, ही चिन्हामागची अट तेव्हा उपयोगी पडली. आपण ते चिन्ह परवान्याशिवाय छापू शकत नाही आणि छापायचंही नाही. पण त्यामागची अट आपल्याला कुणीही पाळू देईल.

आता खाकी कागदाकडे येतो. हा माझा रोजचा विषय, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

भाजलेल्या कॉफीचे शत्रू म्हणजे हवा, ओल आणि उजेड. शिवाय ती भाजल्यावर काही दिवस आतून वायू सोडत राहते. अख्ख्या बिया लगेच घट्ट बंद केल्या तर पाकीट फुग्यासारखं फुगतं, म्हणून त्या पिशव्यांना एक बारीक झडप असते, आतला वायू बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत घेत नाही. आपण पूड विकणार आहोत. दळल्यावर वायू लवकर निघून जातो, तेव्हा पूड थोडी मुरू देऊन भरली तर झडपेचा खर्च वाचेल. मात्र ओलीचं काय? गगनबावड्याचा पाऊस सोडा, आपल्या शाहूपुरीतसुद्धा जुलैमध्ये मिठाला पाणी सुटतं. नुसत्या कागदात भरलेली कॉफी पंधरा दिवसांत ढेकूळ होईल आणि वास गेलेला असेल. दोन किलो फळं, एका बाईचे कित्येक फेरे, भट्टीचं इंधन, सगळं वाया. माझ्या हिशेबात पर्यावरणाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

बाजारात जे खाकी पाकीट मिळतं ते म्हणूनच नुसतं कागदाचं नसतं. फाडून बघा. आत प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, कधी ॲल्युमिनियमचाही. वरून शेतकरी, आतून वेफर्सचं पाकीट. हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला ते हातात धरत नाही. मग ते झूमच्या ढिगावर जातं, नाहीतर पंचगंगेच्या काठाला लागतं. कुजणारं प्लॅस्टिक मिळतं, पण त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दाखला लागतो, आणि बहुतेक प्रकार मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेतच कुजतात. परसातल्या खड्ड्यात टाकलं तर वर्षभरानं तसंच हाताला लागेल.

माझा निकष साधा आहे: भंगारवाला पैसे देऊन घेतो का? तो पत्रा घेतो, काच घेतो, एकाच जातीचं स्वच्छ प्लॅस्टिक घेतो. म्हणून मी सुचवतो, एकाच जातीच्या, जाड, साध्या पॉलिथिनची पिशवी घ्यायची. तिच्यावर छपाई नको. फक्त एक लेबल, तेही त्याच जातीचं, कारण प्लॅस्टिकवर कागद चिकटवला की भंगारवाला पुन्हा नाक मुरडतो. हवा अडवण्यात ही पिशवी ॲल्युमिनियमच्या बरोबरीची नाही, ते कबूल. त्याला उपाय म्हणजे माल कमी भरायचा, वारंवार भाजायचा, खोक्यात अंधारात ठेवायचा आणि तीन महिन्यांच्या आत संपवायचा. भाजल्याची तारीख लेबलवर मोठी.

लेबलचा आणखी एक फायदा. छापील पिशव्यांना प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि हजारोंनी पिशव्या घ्याव्या लागतात. किंमत बदलली, परवान्याचा नंबर बदलला, की उरलेला गठ्ठा कचरा. कितीतरी बचत गटांच्या कपाटांत असे गठ्ठे पडून आहेत. लेबल दोनशेसुद्धा छापून मिळतं.

महिला मंडळानं सुचवलेल्या कापडी पिशवीचं काय, असं मघाशी विचारलं गेलं. इचलकरंजीचं कापड, शिवणाऱ्या आपल्याच भगिनी, कल्पना मनाला भावते. पण आत प्लॅस्टिक, वर कापड, त्याला दोरी, दोरीला पुठ्ठ्याचा टॅग, आणि सगळं खोक्यात. मी अंदाजे मांडून पाहिलं, तर हा सगळा थाट आतल्या फळांबद्दल शेतकऱ्याला जे मिळेल त्याच्या निम्म्याच्या वर जातो. हे मला पटत नाही. पाकिटाचा खर्च फळांच्या पैशांच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसवा. कापड वापरायचंच तर असं वापरा की ते घरात राहील. पातळ, धुतलेल्या सुती कापडाची साधी पिशवी, छपाई अजिबात नाही, आणि लेबलवर सूचना: ‘ही कॉफी गाळायची पिशवी आहे.’ ती वेगळी विका, ज्याला हवी तो घेईल.

गाळायची कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. हाच मुद्दा मला पुढचा घ्यायचा होता. आपल्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी दुधात विरघळणारी पूड आणि वर किसलेलं जायफळ. आपली ही कॉफी विरघळत नाही. तळाला चोथा राहतो. गिऱ्हाईक ती दुधात ढवळेल, दाताखाली रवा रवा लागेल आणि म्हणेल, आदिवासींची कॉफी भेसळीची निघाली. एका पाकिटामागे दहा घरं तुटतील. म्हणून पुढच्याच बाजूला ठळक, शक्य तितक्या मोठ्या अक्षरात: ‘विरघळत नाही. चहासारखी गाळून घ्या.’ मागे चार ओळींत कृती. पाणी उकळून खाली उतरवा, दोन चमचे पूड घाला, चार मिनिटं झाका, गाळा, गरम दूध घाला. जायफळ घातलं तरी चालेल, असं जरूर लिहा. गूळ घातला तरी चालेल. आपल्या घरात जशी प्यायली जाते तशीच ती विकली जाणार आहे, पॅरिसचा थाट इथे नको.

चिकोरी मिसळायची का, हाही विषय निघाला होता. मिसळली तर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे लेबलवर लिहावंच लागतं, कायदाच आहे. दाट लागते, स्वस्त पडते, दक्षिणेत कित्येकांना तीच आवडते. त्यात पाप काही नाही. पण मग दोन किलो फळांचा आपला हिशेब खोटा ठरतो. मी बिनचिकोरीची बाजू घेईन. बाकी वजन, कमाल किंमत, भरणाऱ्याचा पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका हे सगळं नियमाप्रमाणे येईल, ते माझ्यावर सोपवा.

शेवटची सूचना डब्याची. जे दर महिन्याला घेणार आहेत त्यांना पाकीट कशाला? मिशनच्या आवारात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाजलेली बी आणि एक चक्की ठेवा. माणसं घरून स्टीलचा डबा आणतील, समोर दळून, तोलून न्यावी. आपल्या आया तेल असंच आणत होत्या. डब्यावर चिकटवायला तेच लेबल मी फुकट देईन, भावाच्या आकड्यासकट.

तर मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. शेतकऱ्याला दिलेल्या भावाचं बिल, मानांकनाच्या नोंदणीची प्रत, आणि तिथल्या शेतकऱ्यांना विचारून आलेलं उत्तर, की त्यांच्या गावाचं नाव पाकिटावर कसं लिहायचं, तेलुगूत का त्यांच्या बोलीत, आणि लिहायचं की नाही. पत्र जाऊन यायला वेळ लागेल, म्हणून ते आजच टाका. पहिल्या खेपेला फक्त दोनशे लेबलं छापू. वारली चित्राचा कागद मी परत आणला आहे, तो ज्यांचा असेल त्यांनी चहाच्या वेळी घेऊन जावा. मुलीचा फोटो मात्र मी सेक्रेटरीताईंकडे देतो. ती कोण आहे ते शोधायला हवं.